मोर्चाच्या आदल्या दिवशीचा रेडिएटर

जी वस्तू घरी दुरुस्त करता येत नाही, ती पैसे मोजूनही आपली होत नाही. हे वाक्य मी तेव्हाच मोर्चाच्या पत्रकात टाकणार होते, पण बाबा म्हणाले, "आधी पाना धर."

नव्वदीची सुरुवातीची वर्षं. आम्ही राहायचो ठाण्यात, टेंभी नाक्याजवळ, आणि माझं भांडण चालू होतं डोंबिवलीत. तिथल्या कडेच्या चाळींमधले नळ कोरडे, टँकर मात्र रोज हजर, पाणी विकायला. नळाला नाही ते पाणी टँकरला कुठून मिळतं? एवढंच विचारायला रविवारी सकाळी पाण्याच्या कचेरीवर मोर्चा होता; पाणी सोडणारी ती कचेरी रविवारीही उघडी असायची. भोंगा बांधायला रिक्षा ठरलेली, पण टँकरवाल्यांनी रिक्षावाल्याला दम दिला आणि तो फिरला. उरली बाबांची छोटी गाडी. गल्लीत भोंग्याचा आवाज आला नाही तर बायका बाहेर पडणार नाहीत, हे आम्हाला पक्कं माहीत होतं. गाडी नाही तर मोर्चा नाही.

बाबा बँकेत होते. मोर्चाला 'तुमचा तो गोंधळ' म्हणायचे. तरी गाडी द्यायला कबूल झाले, आणि शनिवारी सकाळी बघते तर गाडीखाली हिरवट पाण्याचं थारोळं. इंजिन गार ठेवणारा रेडिएटर गळत होता.

बाबांनी रजा टाकली आणि आम्ही तडक वागळे इस्टेटमधल्या गॅरेजला गेलो. तिथला माणूस वाकून म्हणाला, "पितळेचा असता तर कथलाने झाळून दिला असता. हा अ‍ॅल्युमिनियमचा. याला झाळ धरत नाय. नवीन टाका, आठवड्याने येईल."

"म्हणजे बिघडलं की फेका आणि परत विकत घ्या! ही कुठली लूट?" मी सुरू झाले.

बाबांनी दंडाला धरून मला बाहेर आणलं. "त्याने बनवलाय का तो? चल घरी."

आता आमच्यात बैठकीशिवाय पान हलत नसे. दुपारी माझे दोन सहकारी घरी आले आणि रेडिएटरवर रीतसर बैठक झाली. एकाच्या मामाचा ट्रक होता. तो म्हणाला, "हळद टाकायची. फुगते आणि भोक बुजवते. हायवेवर सगळे तेच करतात." दुसऱ्याने अनुमोदन दिलं, मी हात वर केला. बाबा कोपऱ्यात पेपर वाचत होते. त्यांना कुणी मत विचारलं नाही. आईच्या डब्यातली हळद रेडिएटरमध्ये गेली, गाडी चालू केली. थोड्या वेळाने गळायला लागलं, आधीइतकंच. फक्त आता पिवळं.

बाबांनी पेपर घडी करून ठेवला. "बहुमताने भोक बुजत नसतं गं. पाना आण."

पाणी सोडून दिलं, पंख्याची वायर काढली, रबरी नळ्या काढल्या, बोल्ट सोडले आणि रेडिएटर उचलून अंगणात आणला. त्याचं एक तोंड पंपासाठी ठेवून बाकीची बुचं ठोकून बंद केली. मग तो कपडे भिजवायच्या टबात बुडवून सायकलच्या पंपाने हळूहळू हवा भरली. मधल्या एका नळीतून बुडबुड्यांची बारीक माळ वर आली. सहकारी ओरडले, जणू कचेरीचा दरवाजाच उघडला.

बाबांनी तिथल्या पातळ पत्र्याच्या झालरी पक्कडीने ओढून काढल्या. नळी उघडी पडली. मी पॉलिश पेपरने ती चकाकेपर्यंत घासली. शेवटी हाताचा तेलकटपणाही राहायला नको म्हणून नेलपॉलिश काढायचं औषध हवं होतं. ते मागायला मी शेजारच्या वहिनींकडे गेले.

"अगंबाई! मुलगा बघायला येतोय की काय?"

"रेडिएटर आहे, वहिनी."

"तरीच म्हटलं," म्हणत त्यांनी बाटली दिली.

मिसळली की दगडासारखी घट्ट होणारी दोन रंगांची लांबी एकजीव होईपर्यंत मळली, नळीवर दाबून बसवली. बाबांनी बजावलं, "सकाळपर्यंत कुणी बोट लावायचं नाही. बैठक घेऊनसुद्धा नाही."

सकाळी रेडिएटर परत गाडीत बसवला, पाणी भरलं. आत दाब चढू नये म्हणून बाबांनी झाकण पुरतं आवळलं नाही. मग स्वतःच चालवायला बसले. "तुला तापमानाच्या काट्याकडे बघायचं भान राहायचं नाही. घोषणा देशील."

डोंबिवलीपर्यंत थेंब गळला नाही. भोंगा वाजला आणि चाळी खरंच बाहेर आल्या. हंडे वाजवत, पोरं कडेवर घेऊन. पण मोर्चा चालतो माणसाच्या पावलाने आणि त्या चालीत रेडिएटरला वाराच लागत नाही, हे आमच्या एकाही बैठकीत निघालं नव्हतं. काटा चढला. बाबांनी इंजिन बंद केलं. भोंग्याची बॅटरी वेगळी होती, घोषणा चालूच राहिल्या, आणि बायकांनी पदर खोचून गाडी ढकलायला घेतली. "काका, ब्रेकवरचा पाय काढा की!" बाबा बिचारे फक्त स्टिअरिंग धरून.

कचेरीसमोर गाडी थांबली. बाबा उतरले, खाली वाकले, रेडिएटरखाली हात फिरवला. हात कोरडा. तेवढ्यात एक आजी कळशी घेऊन आल्या. "घ्या, तुमच्या गाडीला पाजा. तापलीय."

विकतचं पाणी होतं ते.

"नको आजी, गळत नाही ती," बाबा म्हणाले.

"मग तुम्ही प्या. तुम्हीबी तापलाय."

बाबांनी ओंजळ पुढे केली. प्यायले, आणि ओल्याच हाताने भोंग्याचा माईक माझ्याकडे दिला. "बोल आता. आणि सरळ बोल, टँकरला पाणी कुठून येतं ते आधी विचार."