एका सीटची गाडी

सैफने गाडीतलं मागचं सीट उपसून काढलं तेव्हा शहाबानो काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी ड्रायव्हरशेजारचं सीटही अंगणात येऊन पडलं, तेव्हा मात्र ती मेथी निवडता निवडता म्हणाली, "आणि मी कुठं बसायचं?"

"रेसच्या गाडीत अम्मीला जागा नसते," सैफ गाडीच्या आतूनच म्हणाला.

"मग तसल्या गाडीत तूही नको बसूस."

इमामने गॅरेजच्या दारातून दोघांकडे पाहिलं आणि हातातला पाना पुसत राहिला. इंजिनातला बिघाड नुसत्या आवाजावरून ओळखणारा माणूस, पण बायकोचा आवाज चढला की त्याला नेमकं कमी ऐकू यायचं.

शिरूरला नगर रस्त्याच्या कडेला इमामचं गॅरेज होतं आणि गॅरेजच्या मागे घर. शहाबानो बी.ए. झालेली. मोहल्ल्यातून कॉलेजात जाणारी त्या वेळी ती एकटीच होती. आता ती एका खासगी शाळेत इतिहास शिकवायची. शाळेत सगळे म्हणायचे, मॅडम फार शांत आहेत. घरच्यांना खरं ठाऊक होतं. सैफ लहान असताना शाळेची सहल निघाली की ती इमामला पहाटे बसचे टायर बघायला पाठवायची. सकाळी पेपर आला की आधी अपघाताच्या बातम्या वाचायची. कासुर्डीजवळ ट्रक उलटला, दौंड फाट्यावर जीप धडकली, अशा बातम्यांतली नावं तपासून झाली, त्यात आपलं कुणी नाही असं दिसलं, की मग तिचा चहा घशाखाली उतरायचा.

अशा बाईच्या अंगणात, दोन हजार तीनच्या उन्हाळ्यात, तिच्या एकुलत्या एका मुलाने रेसची गाडी बांधायला घेतली होती.

गाडी म्हणजे एका डॉक्टरांची जुनी, रंग उडालेली मारुती एट हंड्रेड. तिचं छोटं तीन सिलिंडरचं इंजिन काढायचं आणि त्या जागी एस्टीम गाडीचं तेराशे सीसीचं, चार सिलिंडरचं इंजिन बसवायचं. पुण्याचा एक क्लब मातीच्या ट्रॅकवर गाड्यांच्या शर्यती भरवायचा. सैफ आणि त्याचा केंदूरचा दोस्त सम्राट एकदा ती शर्यत बघून आले, आणि तेव्हापासून सैफच्या डोक्यात दुसरं काही नव्हतं.

"चाची, गाडी अशी पळंल ना," सम्राट चहा फुर्रकन ओढत सांगायचा, "की तुमी हाक मारायच्या आत हा निमोण्यात पोचलेला असंल."

"आणि निमोण्याच्या पुढं कुठं पोचेल, ते पण सांग."

"तुमी लई वंगाळ बोलता बुवा. जरा साखर घाला की चहात."

शहाबानोने एकच अट घातली. आधी कायमची नोकरी, मग गाडी. तिच्या शाळेतल्या एका शिक्षिकेचे यजमान रांजणगावला एका छोट्या प्रेस शॉपमध्ये सुपरवायझर होते. तिथे पत्र्याचे पार्ट ठोकून काढायचे काम. छताखालचं काम, ठरलेली शिफ्ट, नेणारी-आणणारी बस. शहाबानोने स्वतः शब्द टाकला. पहिल्या दिवशी सैफ बसमध्ये चढला तेव्हा तिने बसचे टायर पाहिले आणि कितीतरी महिन्यांनी तिला जरा मोकळा श्वास घेता आला.

इंजिन दौंडच्या एका भंगारवाल्याकडून आलं. टेम्पोतून ते उतरवताना तिने विचारलं, "हे ज्या गाडीचं, ती ठोकलेली होती ना? तिच्यातली माणसं?"

"अब्बा म्हणाले, विचारायचं नाही," सैफ म्हणाला.

ती आत गेली. नमाज झाल्यावर तिने त्या न पाहिलेल्या माणसांसाठीही दुआ मागितली.

काम रेंगाळत चाललं. सैफ शिफ्ट करून यायचा, जेवायचा आणि गाडीत शिरायचा. इंजिन धरून ठेवायला नवे माउंटिंग लागले. रेडिएटर मावेना म्हणून पुढचा पत्रा कापला. गाडी उलटली तर छत माणसावर बसू नये म्हणून आत पाईपांचा पिंजरा वेल्ड करायचा होता. शहाबानो रोज सकाळी कचरा टाकायला जाताना गाडीभोवती फेरी मारायची. अजून ब्रेक नाहीत. अजून दिवे नाहीत. एकदा पिंजऱ्याचा पाईप चुकीचा आला आणि परत गेला, त्या दिवशी तिने शिरखुर्मा केला. का, ते कुणालाच कळलं नाही. गाडीत काय काय बसवायचं राहिलंय, ते तिला सैफइतकंच पाठ झालं होतं. फक्त तो त्यासाठी झुरत होता आणि ती त्या राहिलेल्या गोष्टींच्याच आधाराने झोपत होती.

मग पावसाळा सरता सरता एका दुपारी शाळेत निरोप आला. कारखान्यातून फोन होता.

प्रेसला दोन बटणं असतात. दोन्ही हातांनी दोन्ही बटणं दाबली तरच प्रेस खाली येते, म्हणजे हात आत राहूच नयेत. काम उरकावं म्हणून त्या मशिनवरचं एक बटण कुणीतरी चिकटपट्टी लावून दाबून ठेवलेलं होतं. सगळेच तसं करायचे. सैफच्या डाव्या हाताची मधली तीन बोटं गेली. अंगठा राहिला आणि करंगळी.

शहाबानो हॉस्पिटलात रडली नाही. ती फक्त म्हणत राहिली, "छताखालचं काम होतं. छताखालचं." इमामने तिला पाणी दिलं, तर तिने ग्लास हातात धरून ठेवला आणि पिणं विसरून गेली.

सैफ घरी आला आणि बसला. बसला तो बसलाच. गाडीवर निळी ताडपत्री टाकली होती. शेजारच्या कोंबड्या तिच्याखाली शिरून अंडी घालू लागल्या. सम्राट यायचा, चेष्टा करायचा, पण सैफकडून हूं की चूं नाही, म्हणून चहा न घेताच निघून जायचा. शहाबानोला जे हवं होतं तेच झालं होतं. गाडी थांबली होती. मुलगा दिवसभर तिच्या डोळ्यांसमोर होता, घरात, छताखाली. तो भिंतीकडे बघायचा. ती शाळेतून आली तरी तो तिथेच, तसाच असायचा.

हिवाळ्यातल्या एका रविवारी तिने अंगणात जाऊन ताडपत्री ओढून काढली. कोंबड्या ओरडत पळाल्या. सैफ दारात आला.

"काय करतेस?"

"हा नट सैल दिसतोय," ती म्हणाली. तिला नट कशाचा तेही माहीत नव्हतं. "कुठला पाना लागतो?"

सैफ उंबरा ओलांडून गाडीपाशी आला. मग म्हणाला, "बाराचा. तो नाही, तो चौदाचा आहे. आणि उलटा धरलास."

असं काम पुन्हा सुरू झालं. ज्या बाईने गाडी पूर्ण होऊ नये म्हणून दुआ मागितल्या होत्या, तीच आता शाळेतून येऊन पदर खोचून आपल्या मुलाचा डावा हात व्हायची. तो उजव्या हाताने पाना फिरवायचा आणि ती मागून बोल्ट धरायची. "अम्मी, हलू नको." "नाही हलत, तू बोलू नको." ब्रेक बसले. दिवे बसले. जे जे राहिलंय म्हणून ती निर्धास्त होती, ते ते तिच्याच हाताने बसत गेलं. इंजिन पहिल्यांदा सुरू झालं तेव्हा स्वयंपाकघरातली भांडी थरथरली, आणि इमाम डोळे मिटून नुसता ऐकत उभा राहिला.

एकच गोष्ट अडली. गियर डाव्या हाताने टाकायचे. दांड्याच्या गोल मुठीवरून सैफचा हात निसटायचा. दुसऱ्यातून तिसऱ्यात जाताना हमखास. तो शिव्या द्यायचा नाही, फक्त इंजिन बंद करून उतरायचा.

एका संध्याकाळी शहाबानो कणीक मळत होती. सैफ बोलता बोलता शेजारी बसला आणि लहानपणी खेळायचा तसा कणकेचा गोळा घेऊन डाव्या हाताने दाबू लागला. त्याने गोळा परातीत ठेवला, तेव्हा त्यावर अंगठ्याचा खोल खड्डा होता, करंगळीची पन्हळ होती, आणि मध्ये तळव्याचा उंचवटा. शहाबानोने त्याची पोळी लाटली नाही. तिने तो तसाच ताटलीत ठेवून इमामपुढे नेला.

इमामने तो सगळ्या बाजूंनी पाहिला. "म्हाळूआप्पाकडं जावं लागंल," एवढंच म्हणाला.

म्हाळू सुतार जवळच्या निमोणे गावचा. खुरप्याला, कुऱ्हाडीला मूठ बसवायची तर तो आधी माणसाला जवळ बोलवायचा, मुठीत लाकूड धरायला लावायचा आणि मग तासायचा. दुसऱ्याने आणलेलं माप त्याला चालत नसे. त्याने कणकेचा गोळा बाजूला ठेवला आणि सैफला म्हणाला, "इकडं आण हात. लाजतुयास काय? हात हाय त्यो, चोरी न्हाई."

सैफने हात पुढे केला. अपघातानंतर घराबाहेरच्या माणसापुढे तो हात पहिल्यांदाच उघडा झाला होता. म्हाळूने बाभळीचा तुकडा घेतला. तासायचा, हातात द्यायचा, पुन्हा तासायचा. शहाबानो बाजेवर बसून बघत होती.

"आता धर घट. कसं वाटतंय?"

"बसतंय, आप्पा."

"बसनारच की. पर एक सांगतो, मास्तरीणबाई," म्हाळू तिच्याकडे वळला, "ही मूठ दुसऱ्या कुणाच्या कामाची न्हाई. ह्याच्याच हाताची हाय ही."

"दुसऱ्या कुणाला द्यायचीच नाही," शहाबानो म्हणाली.

ती मूठ दांड्यावर बसली आणि सैफ निमोण्याच्या रस्त्यावर गाडी घेऊन गेला. शहाबानो दारात उभी राहून ऐकत होती. पहिला गियर. दुसरा. मग क्षणभर आवाज खाली बसला, आणि तिसरा पडला, खट्कन, स्वच्छ. तिने दाराची चौकट सोडली. परत आल्यावर सैफ हसला. केवढ्या तरी दिवसांनी.

शर्यत मार्चमध्ये होती, दौंडकडच्या एका माळावर. गाडी टेम्पोवर चढवून सगळे गेले. चुन्याच्या रेघा मारून मातीचा ट्रॅक आखला होता. गाड्या तपासणारे साहेब चांगले होते. त्यांनी वेल्डिंग बोटाने चाचपलं, इंजिन बघून मान डोलावली, "घरी केलंत? छान केलंत," म्हणाले. इमामची छाती फुगली. मग ते सैफला म्हणाले, "हेल्मेट दाखवा. ग्लोव्हज काढा."

सैफने उजवा काढला.

"दोन्ही."

त्याने डावा काढला. साहेबांनी हातातली वही मिटली. नंतर जे बोलले ते हळू आवाजात, आजूबाजूच्या पोरांना ऐकू जाऊ नये असं. "गाडी पास आहे. तुम्हाला मात्र मी बसू देऊ शकत नाही. नियम आहे. उद्या काही झालं तर..." त्यांनी शहाबानोकडे पाहिलं. "तुम्ही आई ना? तुम्हीच सांगा."

उद्या काही झालं तर. हे वाक्य तिने स्वतः आयुष्यभर किती वेळा म्हटलं होतं. ती म्हणाली, "तो चांगली चालवतो. मी ऐकलंय." तिचा आवाज तिलाच शाळेतल्या एखाद्या मुलीसारखा वाटला.

साहेबांनी मान हलवली. "दुसरा ड्रायव्हर असेल तर गाडी पळू दे."

सम्राट मागे सरला. "म्या न्हाई बसायचा. गाडी तुझी हाय."

"माझीच हाय," सैफ म्हणाला. "म्हणून सांगतोय. बस."

सीट सैफच्या मापाने कायमचं वेल्ड केलेलं होतं. सम्राट बुटका, म्हणून त्याच्या पाठीमागे टेम्पोतली गोधडी दुमडून कोंबली. सरावाच्या फेरीत गाडी पहिल्याच वळणावर कण्हली आणि थांबली. सम्राट परत आला तो घामाने भिजलेला. "मुठीवर हातच बसंना, सैफ्या. बोटं कुठं ठेवू?"

इमाम टूलबॉक्सपाशी वाकला. तळातून त्याने फडक्यात गुंडाळलेली एक वस्तू काढली. मारुतीची मूळची, काळी, गोल मूठ. पुसून ठेवलेली.

शहाबानो त्याच्याकडे बघत राहिली. म्हणजे शिरूरहून निघतानाच याला ठाऊक होतं. इमामने मान वर केली नाही.

सैफने ती मूठ घेतली. गाडीत वाकून उजव्या हाताने बाभळीची मूठ आटे फिरवत काढली, काळी बसवली आणि बाहेर आला. "अम्मी, हे धर," म्हणाला. लाकूड सम्राटच्या घामाने ओलं होतं. तिने ते पदराने पुसलं.

झेंडा पडला. गाडी धुळीचा लोट उडवत सुटली. लोक ओरडू लागले, कारण ती खरोखरच पळत होती, मोठ्या गाड्यांच्या मागोमाग, त्या चिमुकल्या डब्यात मावणार नाही एवढा आवाज करत. इमाम दोरीपर्यंत पुढे गेला होता.

सैफ आईच्या शेजारी उभा होता. डावा हात पँटच्या खिशात. चेहऱ्यावर काहीच नव्हतं. शहाबानोचं लक्ष त्या खिशाकडे गेलं. गाडीचा आवाज चढला, आणि खिशातला हात, गियर टाकावा तसा, खाली ओढला गेला. दुसरा. आवाज पुन्हा चढला. हात वर सरकला. तिसरा. गाडी लांबच्या वळणाला पोचली, तिथून ती दिसतही नव्हती, फक्त धूळ दिसत होती. शहाबानोने बाभळीचा गोळा मुठीत आवळला. त्यातल्या खड्ड्यात तिचा अंगठा नीट बसेना. शेजारी खिशाचं कापड पुन्हा हललं.