हरेल तो बॉल लावेल

"मावशी, टेबल जरा ब्रश करून घ्या. पुढची मॅच लागतीये."

क्लब चालवणाऱ्या मॅडमनी माझ्याकडे न बघताच ब्रश पुढे केला. मी खुर्चीत बसले होते. मांडीवर रेवाचा डबा, पाण्याची बाटली, तिचं जॅकेट. धरणाच्या काठावरचा तो क्लब. काचेची भिंत, पलीकडे पाणी, अलीकडे पूल या बिलियर्ड्ससारख्या खेळाची, निळ्या कापडाची टेबलं. इतर मुलांच्या आयाही खुर्च्यांत बसल्या होत्या. त्यांच्यापैकी कुणापुढे ब्रश आला नाही.

मी उठले. ब्रश घेतला. टेबल झाडलं.

राग आला नाही. लाजही वाटली नाही. हात चालू होता, एवढंच. या टोकापासून त्या टोकापर्यंत, एकाच दिशेने. शेजारच्या टेबलावर रेवा वाकून नेम धरत होती. तिने पाहिलं आणि क्यूची काठी हातात तशीच धरून ती सरळ उभी राहिली.

कुणीतरी मॅडमना सांगितलं, अहो, या रेवाच्या आजी. मॅडम हसत आल्या.

"अय्या, सॉरी हं! मला वाटलं... आडनाव काय म्हणालात तुमचं?"

मी काही म्हणालेच नव्हते. मग सांगितलं.

"हं. तरीच रेवा इतकी कष्टाळू. तुमच्यातली मुलं असतातच तशी."

तुम्ही दोघं नातवंडं तिकडे परदेशातल्या शाळेत हेच आडनाव लावता. तिथे ते नुसतं आडनाव आहे. इथे ते सांगितलं की समोरच्याच्या चेहऱ्यावर काहीतरी जागच्या जागी बसतं. मी आयुष्यभर शाळेत इंग्रजी शिकवलं. स्टाफरूममध्ये हळदीकुंकू असलं की त्या दिवशी मला नेमकं वरच्या वर्गात उत्तरपत्रिका मोजायला बसवायचे. मी मोजायचे. खालून हसण्याचे आवाज यायचे. मी पुन्हा मोजायचे. काही वाटू द्यायचं नाही, याची मला चांगली सवय होती.

फोनवर तुम्ही विचारलंत, रेवाने एवढा भारी क्लब का सोडला? फोनवर हे सांगता आलं नसतं. म्हणून लिहिते.

तुमची ही चुलतबहीण लहान असताना भूगावात, आमच्या घराजवळच्या हार्डवेअरच्या दुकानावरच्या मजल्यावर, पूल शिकायला लागली. तिथे संदीपसरांचा हॉल आहे. सर इथल्याच गावातले. शेत बिल्डरला गेलं, त्या पैशातून त्यांनी जुनी टेबलं आणली. पहिले कित्येक महिने त्यांनी रेवाला एकही रंगीत बॉल दिला नाही. फक्त पांढरा. तो समोरच्या कडेवर मारायचा आणि परत येताना तो क्यूच्या टोकालाच लागला पाहिजे. जरा बाजूने गेला की पुन्हा.

मी एकदा म्हटलं, "सर, बाकीची मुलं मॅच खेळतात."

"खेळू द्या की. हिला आदी सरळ मारता येऊ द्या, आजी. बॉल काय पळून जात न्हाईत."

मग एक बॉल आला, मग दोन. मग बॉल कुठे गेला हे सरांनी बघायचंच बंद केलं. "भोकात बॉल कुणीबी घालतंय गं. पांढरा कुटं थांबला, ते सांग." रेवा शाळेच्या वहीसमोर बसूनही बोटाने बाकावर रेघा मारायची. पांढरा इथून तिथे, तिथून तिथे. मोठ्या पोरांशी खेळून हरायची. रोज हरायची.

त्या हॉलचा एकच नियम होता. हरेल तो बॉल लावेल. खेळ असा की एकपासून सुरुवात करून क्रमाने बॉल घालायचे, नऊ नंबर घालेल तो जिंकला. मग हरलेल्याने सगळे बॉल गोळा करून लाकडी चौकटीत घट्ट बसवायचे आणि जिंकलेल्याने खुर्चीत बसायचं. कुणाला सवलत नाही. रेवाने पहिल्यांदा सरांना हरवलं, तेव्हा सर वाकून बॉल लावायला लागले. "बसा, बसा मॅडम. चा सांगू का?" सगळा हॉल हसला. रेवा ताठ बसली होती. पाय जमिनीला टेकत नव्हते.

पुढे सरच म्हणाले, "आता हितं हिला हरवणारं कोन न्हाई. आन माजं टेबल एका अंगाला उतरतंय. धरणावरच्या क्लबात भारी पोरं येत्यात. तितं जाऊन हारू दे हिला."

म्हणून आम्ही तिथे गेलो होतो. ब्रशच्या दिवशी रेवा सगळ्या मॅच जिंकली. मॅडम म्हणाल्या, दर रविवारी येऊ दे, फी नको. "फक्त बॉल तीच लावेल हं सगळ्यांचे. तेवढीच मदत. घरात सवय असेलच."

मी म्हटलं, "चालेल." सपाट टेबल होतं. तगडी मुलं होती. बाकीचं सहन होईल असं वाटलं. मला झालं होतं.

रविवारमागून रविवार गेले. रेवा जिंकायची आणि बॉल लावायची. हरलेला मुलगा खुर्चीत बसून ज्यूस प्यायचा. तिचा खेळ वाढत होता. मग ती हरायला लागली. आठ बॉल सफाईने घालायची आणि नऊ नंबर, अगदी तोंडाशी असलेला, चुकवायची. दर वेळी नऊच.

"प्रेशर झेपत नाही तिला," मॅडमनी मला समजावलं. "ते घरातून यावं लागतं."

परतीच्या एसटीत मी तिला विचारलं. पौड गेलं तरी ती खिडकीबाहेर बघत होती. मग म्हणाली, "मुद्दाम चुकवते."

"का?"

"हरले की बॉल लावताना काही वाटत नाही. नियमच आहे ना, आजी."

पिरंगुटला गाडी थांबली. माणसं उतरली, चढली. बधिर झालेला पाय पुन्हा जमिनीवर टेकवताना जसा दुखायला लागतो, तसं मला काहीतरी दुखायला लागलं. माझं ते वरच्या वर्गात मोजत बसणं तिच्यापर्यंत पोचलं होतं.

पुढच्या रविवारी क्लबच्या दारात मी तिला म्हटलं, "आज नऊ नंबर घालायचा."

"आणि मग?"

"मग बसायचं."

समोर मॅडमचा मुलगा होता, आर्यन. रेवाने नऊ नंबर घातला. क्यू भिंतीला टेकवला आणि माझ्या शेजारी येऊन बसली. टेबल रिकामं. सगळे थांबले.

"रेवा, लाव ना बेटा."

रेवाने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "हरेल तो लावेल."

"अहो आजी, ती फ्रीमध्ये खेळते इथे."

"खेळते. आणि जिंकली."

आर्यनचा हात चौकटीकडे गेला होता. मी तो पाहिला. "आर्यन, तू नाही," मॅडम म्हणाल्या, आणि तो हात मागे गेला. मग त्यांनीच चौकट उचलली आणि माझ्यापुढे धरली. ब्रश धरला होता तशीच.

"मग तुम्ही लावता का?"

मला इंग्रजी येतं. त्यांच्याहून बरं येतं. तिथे दोन वाक्यं बोलले असते तर त्या कदाचित वरमल्या असत्या. बोलले नाही. इंग्रजी येणारीपुढे ब्रश धरणं चूक आणि न येणारीपुढे धरणं बरोबर, असा त्याचा अर्थ झाला असता. मी हात मांडीवरच ठेवले.

"नाही."

चौकट थोडा वेळ हवेत राहिली. मग मॅडम म्हणाल्या, "पुढच्या रविवारपासून येऊ नका."

आम्ही डबा, बाटली, जॅकेट घेतलं आणि निघालो.

नुकसान झालं. तसं टेबल आसपास कुठे नाही, तशी मुलंही नाहीत. रेवा पुन्हा हार्डवेअरच्या दुकानावर, उतरत्या टेबलावर खेळते. सर पुण्यातून कुणाकुणाला तिच्याशी खेळायला बोलावतात. ती हरते आणि बॉल लावते. जिंकते आणि बसते. टेबल झाडायची पाळी सगळ्यांची असते. माझीही. तिथे मी झाडते.

लवकरच जिल्ह्याची निवड स्पर्धा आहे. क्लबची मुलं येतील, मॅडम येतील. नियम तिथेही हाच आहे. रेवाचं नाव मी आडनावासकट, ठळक अक्षरात दिलं आहे. ती नऊ नंबर घालेल आणि खुर्चीत बसेल. मी शेजारी बसेन. समोरचा बॉल लावेपर्यंत आम्ही दोघी उठणार नाही.