पिन खिशात होती

गॅरेजमध्ये तोंडावर त्याला 'मिस्त्री' म्हणत आणि पाठ फिरली की 'थांबा'. हे दुसरं नाव त्याने स्वतःच कमावलं होतं. गाडीतून इंजिन काढायचं झालं, की क्रेनच्या दांड्याला दुसऱ्या कुणी हात लावलेला त्याला चालत नसे. चाकांवरची, ढकलत कुठेही नेता येईल अशी ती क्रेन होती. जमिनीलगत दोन लांब पाय, एक उभा खांब, खांबाच्या डोक्यावरून पुढे आलेला लोखंडी हात आणि त्या हाताला खालून रेटणारा जॅक. दांडा मारत गेलं की जॅक हाताला वर ढकलतो आणि हाताच्या टोकाला साखळीने बांधलेलं इंजिन गाडीच्या पोटातून बाहेर येतं. इतरांचं दहा मिनिटांचं काम. त्याला अर्धा तास लागे.

आधी तो क्रेनभोवती एक फेरी मारी. पाय पुरते उघडलेत का, त्यांच्या खुंट्या बसल्यात का, साखळीचे बोल्ट शेवटपर्यंत आवळलेत का. क्रेनचा हात जितका लांब ओढाल तितकं वजन कमी उचलायचं, हे तो नव्या माणसाला पहिल्या दिवशी सांगे आणि जुन्या माणसाला रोज. मग इंजिन दोन बोटं उचलून म्हणे, "थांबा." आणि मनात वीसपर्यंत मोजी. तेवढ्या वेळात कुणी हलायचं नाही, कुणी इंजिनाखाली हात घालायचा नाही, पाय तर नाहीच नाही. वीस झाले आणि इंजिन होतं तिथेच राहिलं, तरच पुढचं काम. बाहेर आलेलं इंजिन इकडून तिकडे न्यायचं तर आधी गुडघ्याच्या खाली उतरवायचं. उंच टांगलेल्या इंजिनासकट कुणी क्रेन ढकलताना दिसला, की तो हातातला पाना जमिनीवर आपटायचा.

"यांचं असंच," त्याची बायको सांगे. "बाबांनी विचारलं, माझी मुलगी करतोस का, तर हे गप्प. बाबांना वाटलं, पोरगं बहिरं आहे. हे आपले मोजत होते!"

बाबा म्हणजे त्याचा सासरा. गॅरेज त्याचं. एकविसाव्या वर्षी हा तिथे कामाला लागला, आणि त्याचा हात बघूनच सासऱ्याने मुलगी दिली. मेहुणा तेव्हा शाळेत होता. गॅरेजमध्ये यायचा तो टायरच्या ढिगावर उड्या मारायला. सासरा गेला आणि गॅरेज मुलाकडे आलं. त्यात वावगं काही नव्हतं आणि त्याने कधी तोंडही वाकडं केलं नाही. ज्याला हाताला धरून पाने ओळखायला शिकवलं, तोच आता खुर्चीवर बसून "भाऊजी, जरा आटपा" म्हणायचा, इतकंच.

मेहुणा वाईट नव्हता. बोलका होता, हातात झपाटा होता, गिऱ्हाइकाला खुर्ची द्यायचा. फक्त त्याला दिलेला शब्द पाळायचा असायचा आणि तो शब्द भाऊजींच्या हातांवर दिलेला असायचा.

त्या दिवशी एक जुनी डिझेल गाडी आली होती. इंजिन जड, अडीचशे किलोच्या आसपास. त्याने दोन बोटं उचललं, थांबा म्हणाला, मोजायला लागला. चौदा-पंधराला त्याला शंका आली. त्याने खडूने बाजूच्या भिंतीवर रेघ मारली, क्रेनच्या हाताचं टोक कुठे आहे ती खूण म्हणून, आणि पुन्हा पहिल्यापासून मोजलं. वीसला हात रेघेच्या खाली होता. एक नखभर. जॅकच्या अंगावर तेलाची बारीक तार उतरली होती.

त्याने इंजिन पुन्हा जागेवर बसवलं, साखळी सोडली आणि फडक्याने हात पुसत म्हणाला, "जॅकचं सील गेलंय, तेल गळतंय. बदलल्याशिवाय ही चालवायची नाही."

"किती गळतंय?" मेहुण्याने खुर्चीवरूनच विचारलं.

"नखभर."

"नखभर!" मेहुणा गिऱ्हाइकाकडे बघून हसला. "भाऊजी, नखभर तर माझा जावयांवरचा विश्वासही रोज खाली येतो. उचला."

गॅरेजमधला जुना फिटर हसला. गिऱ्हाईकही हसलं.

"आज नखभर. उद्या किती ते जॅक सांगणार नाही."

"उद्याचं इंजिन उद्या. हे आज बाहेर हवंय. मी शब्द दिलाय."

"मला विचारून दिलास?"

आता कुणी हसलं नाही. मेहुणा उठून जवळ आला आणि आवाज खाली आणून म्हणाला, "एक सांगा. सव्वीस वर्षांत या क्रेनवर कधी काही झालंय? कुणाचं बोट गेलंय? कुणाला खरचटलंय तरी?"

"नाही."

"मग?"

सव्वीस वर्षं काही झालं नव्हतं, कारण सव्वीस वर्षं तो मोजत होता. पण न झालेली गोष्ट उचलून दाखवता येत नाही.

"घरी जा आज," मेहुणा म्हणाला. "दमलायत. आम्ही बघतो." आणि गिऱ्हाइकाला चहा सांगायला बाहेर गेला.

फिटर हात धुवायला मागे गेला होता. क्रेनपाशी तो एकटाच होता. जॅकचं टोक आणि क्रेनचा हात यांना जोडणारी एक पिन असते, अंगठ्याएवढी जाड, चांगल्या पोलादाची. ती काढली की जॅक एकीकडे आणि हात एकीकडे. क्रेन म्हणजे नुसतं लोखंड. त्याने क्रेनचा हात खाली टेकवला, पिन ओढून काढली, पँटच्या खिशात टाकली आणि घरी निघाला.

पिन काढली यात चूक काहीच नव्हती. बिघडलेलं यंत्र कुणी चालवू नये म्हणून असं करतातच. पण असं केलं की सांगायचं असतं, यंत्रावर पाटी अडकवायची असते. हे त्यानेच सगळ्यांना शिकवलं होतं. त्याने पाटी अडकवली नाही की कुणाला सांगितलंही नाही. शोधू दे, असं त्याला वाटलं. शोधेल, चिडेल, घरी फोन करेल, 'भाऊजी, पिन कुठे आहे' म्हणून विचारेल, मग बघू. रस्त्याने चालताना खिशातलं वजन मांडीला लागत होतं आणि त्याला ते बरं वाटत होतं, हेही खरं.

फोन आला, पण बायकोला. मेहुणा दवाखान्यात होता. इंजिन डाव्या पायावर पडलं होतं.

दवाखान्यातल्या लांब बाकावर बायको आणि तिची भावजय एकमेकींना धरून बसल्या होत्या. तो भिंतीशी उभा होता. फिटरने त्याला खुणेनेच जिन्याकडे बोलावलं.

"मिस्त्री, पिन नव्हती."

तो जिन्याच्या कठड्याला टेकला.

"मला वाटलं, पडली कुठेतरी. शेठ ओरडत होते, लवकर कर, लवकर कर. मी डब्यातला एक बोल्ट घातला. बसला चांगला. जरा सैल होता, पण बसला. इंजिन बाहेर आलंही होतं, आणि शेठ त्याला हाताने फिरवत होते, तोच तुटला. नुसता 'टक' असा आवाज झाला."

"तुकडे कुठे आहेत?"

"भंगारात टाकले. कुणी बघितले नाहीत. सगळ्यांना वाटतंय, जॅकच बसला. तुम्ही म्हणालाच होता ना, जॅक गळतोय." फिटरने त्याच्याकडे नीट बघितलं. सोळा वर्षं दोघं एका गाडीखाली झोपून काम करत होते. "पिन तुमच्याकडे आहे ना, मिस्त्री?"

त्याने होकारार्थी मान हलवली.

"मग दोघंही गप्प बसू," फिटर म्हणाला. "माझ्या घरात खाणारी पाच तोंडं आहेत."

मेहुण्याचं अर्धं पाऊल काढावं लागलं.

पुढचे तीन आठवडे त्याला आयुष्यात कधी मिळाला नव्हता इतका मान मिळाला. मेहुणा भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला सांगे, "भाऊजी सांगत होते, जॅक गळतोय. मी ऐकलं नाही. माझी मस्ती मला नडली." भावजय त्याला बसायला उशी देई. गॅरेजमध्ये आता भाड्याने आणलेल्या क्रेनपाशी तो थांबा म्हणाला की माणसं श्वास रोखून थांबत. पूर्वी थांबायची ती पोट धरून हसत. त्याला ते हसणं आठवे आणि हवंहवंसं वाटे.

पिन बायकोला सापडली ती पँट धुवायला घेतल्यावर. दवाखान्याच्या धावपळीत ती पँट तशीच पडून होती. बादलीत खणकन काहीतरी वाजलं. तिने ते उचलून बाहेर आणलं आणि त्याच्यासमोर धरलं. गॅरेजवाल्याची मुलगी होती ती. ते काय आहे, हे तिला विचारावं लागलं नाही.

त्याने सगळं सांगितलं. ती ओल्या हातांनी ऐकत राहिली.

"जॅकमुळे पडलं नाही मग."

"नाही."

"तुमच्यामुळे पडलं."

"बोल्टमुळे पडलं." मग पिनेकडे बघून म्हणाला, "हो."

"आणि आता त्याला सांगणार असाल."

"सांगायला हवं."

"का? सांगून त्याचा पाय परत येणार आहे?" तिचा आवाज चढला नाही. भांडायचं असलं की तिचा आवाज उतरायचा. "आई नाही, बाबा नाहीत. माहेर म्हणून माझं हे एक दार उरलंय. तुमच्या मनावरचा दगड उतरावा म्हणून मी ते बंद करून घेऊ? ठेवा ना तो दगड तिथेच. सव्वीस वर्षं लोकांची इंजिनं उचललीत, हा एवढा उचला."

त्याने उचलला. आणखी बारा दिवस.

मग एका रविवारी सकाळी दोघं मेहुण्याकडे गेले. मेहुणा खुर्चीत होता, पाय पुढच्या स्टुलावर, बँडेजचं टोक नको तिथे संपलेलं. तो खुशीत होता. नवी क्रेन मागवली होती, तिचं चित्र त्याने भाऊजींपुढे धरलं.

"आता तुमचा शब्द शेवटचा, भाऊजी. मी जरी म्हटलं उचला, तरी तुम्ही नाही म्हणालात तर नाही. फिटरलाही सांगून ठेवलंय."

तो चित्राकडे बघत राहिला. मग म्हणाला, "जॅकमुळे नाही झालं ते. जॅकच्या पिनेच्या जागी साधा बोल्ट होता. टोकाला अडीचशे किलो टांगले की त्या पिनेवर त्याच्या तिप्पट-चौपट ताण येतो. बोल्ट तुटला. पिन तिथे नव्हती, कारण ती मी काढून घरी नेली होती. कुणाला न सांगता."

मेहुण्याने चित्र हळूच मिटलं.

"बोल्ट कुणी घातला?"

"ज्याने घातला त्याला पिन जागेवर मिळाली असती तर घातला नसता."

मेहुण्याने आपल्या पायाकडे बघितलं. स्वयंपाकघरात कपबश्या वाजत होत्या. दोघी नणंद-भावजया आत काहीतरी बोलून हसल्या.

"भाऊजी, एक विचारू? तुम्हाला यातलं कळतं म्हणून विचारतो." त्याचा आवाज अगदी सरळ होता, एखाद्या गाडीबद्दल विचारावं तसा. "पिन असती आणि नुसता जॅकच गळत असता, तर इंजिन खाली यायला किती वेळ लागला असता?"

इथे खोटं बोलायला जागा होती. सांगता येत नाही, एवढं म्हटलं असतं तरी चाललं असतं, आणि ते अगदीच खोटंही ठरलं नसतं. जॅकचा भरवसा देता येत नाही, हे त्यानेच सांगितलं होतं. पण त्याने ती रेघ पाहिली होती. त्याच्या डोक्यात हिशेब आधीच झाला होता.

"पाच मिनिटं. कदाचित सहा."

"म्हणजे मला दिसलं असतं, खाली येतंय ते."

"हो."

"पाय काढून घेता आला असता."

"आला असता."

मेहुण्याने मान डोलावली. मग दाराकडे बघून हाक मारली, "ताई!"

ती चहाचा ट्रे घेऊन दारात आली. दोघांच्या तोंडाकडे बघून ती दारातच थांबली.

"पिनेचं तुला माहीत होतं?" भावाने विचारलं.

तिने नवऱ्याकडे बघितलं नाही. "कसली पिन?" ती म्हणाली.

आता तो खरं काय ते सांगून टाकेल, असं तिला वाटलं असणार. तो उठला, चपला घातल्या आणि बाहेर पडला. मागून कुणी हाक मारली नाही. ती तिथेच राहिली.

दुसऱ्या दिवशी फिटरने त्याची पान्यांची पेटी घरी आणून दिली. आत यायला तयार झाला नाही. उंबऱ्यातूनच म्हणाला, "शेठनी मला मिस्त्री केलंय," आणि मग, "तुम्ही माझं नाव घेतलं नाहीत," आणि मग बोलायला काही न सुचून निघून गेला.

आता तो एका पंक्चरच्या दुकानात ट्यूब तपासतो. तिथे उचलायचं असं काही नसतं. बायको रोज दुपारी भावाकडे जाते. त्याचं बँडेज बदलते, भावजयीला दोन कामांत हात लावते, संध्याकाळी परत येते. तिकडे काय झालं, हे ती सांगत नाही आणि तो विचारत नाही.

एकदा मात्र जेवायला वाढताना ती आपणहून बोलली.

"आज त्याने विचारलं, ताई, तू त्या माणसाबरोबर राहतेस कशी?"

त्याने वर बघितलं. "मग?"

"मग काय," तिने त्याच्या ताटात आमटी वाढली, डाव्या हाताने पातेलं सावरत. "राहते, म्हटलं."