माझी बढती आणि गणपतीचे डोळे

पेणच्या आमच्या गणपतीच्या कारखान्यात माझं काम एकच, डोळे आखायचे. साच्यातून मूर्ती काढणारे वेगळे, रंग मारणारे वेगळे. सगळं आटोपलं की शेवटी आखणी, ती माझी. आखणीचा एक नियम. एक डोळा काढून कुणी उठायचं नाही. जेवून आलं की हात बदलतो आणि दुसरा डोळा दुसऱ्याच देवाचा होतो. बावीस वर्षं मी हेच केलं. थोरल्या शेठनी त्यात एकदाही कौतुक केलं नाही. मूर्तीकडे बघून "व्हय, ठीक हाय" म्हणायचे, ते पण चहाचा घोट गिळून झाल्यावर. माझं त्यावाचून काही अडलं नव्हतं.

मग त्यांचे चिरंजीव, धाकटे शेठ, पुण्याहून शिकून आले आणि कारखाना बघू लागले. शिकले काय, तर माणसांना कामाची गोडी कशी लावावी! अहो, भूक लागली तरी दुसरा डोळा पुरा केल्याशिवाय न उठणाऱ्या बाईला आणखी कसली गोडी लावणार? पण शिकून आलेल्या माणसाला हे सांगणार कोण.

एका शनिवारी सगळ्यांना कामावरून उठवून चटयांवर बसवलं. मला शाल, नारळ, आणि "उत्कृष्ट कारागीर" लिहिलेली पाटी. फोटो काढला, तो दारातच लावला. धाकट्या शेठनी भाषण ठोकलं आणि शेवटी म्हणाले, "मावशींनी खूप कष्ट केले. आजपासून मावशी सुपरवायझर. ब्रशला हात लावायचा नाही!" टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या, काय करणार? काय झालं ते टाळ्या थांबल्यावर कळलं.

मला पंख्याखाली खुर्ची मिळाली. काम काय, तर वहीत प्रत्येकाच्या नावापुढे सोनेरी कागदाच्या चांदण्या चिकटवायच्या. चांगलं काम, दोन चांदण्या. हसतमुखाने केलं, तीन. उंटावरून शेळ्या हाकायच्या म्हणतात ना, ते हेच. डोळे आखायला दोन नव्या बाया बसवल्या. बिचाऱ्या धडपडत होत्या, मी उठून दाखवायला गेले की धाकटे शेठ धावत यायचे, "मावशी, बसा बसा!" घरी जाऊन मी ढसाढसा रडले. सांगायला लाज कसली? माझं काम नेलं होतं माझ्याकडून, आणि वर नारळ दिला होता.

गणपती जवळ आले तसे रोह्याचे एक आजोबा मूर्ती न्यायला आले. दरवर्षी आमच्याकडूनच न्यायचे, पण आधी समोर उभं राहून नीट बघायचे. बघितलं, डावीकडे सरकले, उजवीकडे सरकले.

"हा माझ्याकडं बघतच नाय," आजोबा म्हणाले.

"आजोबा, आमच्या मावशींना यंदा पुरस्कार मिळालाय!" धाकट्या शेठनी फोटो दाखवला.

"फोटोला काय करू मी? फोटो बसवू मखरात?" आजोबा बाहेरच्या बाकड्यावर जाऊन बसले. मूर्ती काही नेईनात.

धाकटे शेठ विचारात पडले. मग मला म्हणाले, "आखणीवाल्यांचा उत्साह कमी पडतोय. त्यांना पाच चांदण्या द्या." जखम मांडीला आणि मलम शेंडीला! माझं डोकंच फिरलं.

"शेठ, शाल घ्या परत आणि माझा ब्रश द्या."

"मावशी, अहो पद खाली येईल तुमचं! लोक काय म्हणतील?"

"येऊ दे खाली. मी खालीच बसत होते, पाटावर."

त्यांनी लेखी अर्ज मागितला. मी लिहून दिलं, मला खाली उतरवावे ही नम्र विनंती. असा अर्ज करणारी पेणमध्ये मी पहिलीच असेन.

जुने डोळे पांढऱ्या रंगाने बुजवले, वाळू दिले आणि ब्रश उचलला. आधी कागदावर रेघ ओढून बघितली, हात वाकडाच गेला. इतके दिवस नुसत्या चांदण्या चिकटवल्या होत्या त्याने. वाटलं, गेलं आता, खुर्चीही गेली आणि हातही. श्वास धरून पापणी ओढली. मग दुसरी. मग बुबुळं, आणि त्यांत उजेडाचा एकेक ठिपका.

आजोबांना आत बोलावलं. मी मूर्तीपुढेच उभी राहिले, म्हटलं काय बोलतात बघू. त्यांनी माझ्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. रंगाच्या डब्यांशेजारीच चपला काढल्या आणि हात जोडले.

"बाजूस हो गो बाय," ते म्हणाले, "मधी येतेस."

मी बाजूला झाले आणि मला रडूच फुटलं. धाकटे शेठ लगबगीने जवळ आले आणि हळूच म्हणाले, "मावशी, मनाला लावून घेऊ नका. जुन्या माणसांना कौतुक करता येत नाही."