तक्त्याबरहुकूम बोलणारी मुलगी

न्यायालयातल्या लघुलेखिकेकडून कुणी मताची अपेक्षा करत नाही. साक्षीदार धडधडीत खोटं बोलतो आहे हे सगळ्या दालनाला कळलेलं असलं, दाराशी डुलक्या काढणाऱ्या शिपायालासुद्धा कळलेलं असलं, तरी तिनं ते खोटं जसंच्या तसं उतरवून घ्यायचं, तेही शुद्धलेखनाच्या चुका न करता. या बाई सोळा वर्षं हेच करत होत्या. वकीलमंडळी त्यांना पाठीमागे ‘टीपकागद’ म्हणत. पडेल ते टिपून घ्यायचं, स्वतःचं काही म्हणायचं नाही. हे नाव बाईंच्या कानावर आलं होतं आणि त्यांना ते थोडंसं आवडतही होतं.

एकोणचाळिसाव्या वर्षी त्यांना मुलगी झाली. तोवर सल्ले देणाऱ्यांनीसुद्धा आशा सोडली होती. रजा संपत आली तसा मुलीला सांभाळायचं कुणी, हा प्रश्न उभा राहिला आणि बाईंची थोरली बहीण दोन पिशव्या घेऊन दारात उभी राहिली. ताईंना नवरा नव्हता, मूल नव्हतं. अकरा वर्षांपूर्वी त्या भावाकडे ‘काही दिवस’ म्हणून राहायला गेल्या होत्या, आणि वहिनीनं ते दिवस मोजणं अजून सोडलं नव्हतं. बहिणीकडे आल्यावर पहिल्याच आठवड्यात ताईंनी स्वयंपाकघरातल्या डब्यांच्या जागा बदलल्या. घरात कुणी हरकत घेतली नाही. ताईंनी ही गोष्ट भावाला फोन करून कळवली.

लसीच्या वेळी डॉक्टरीणबाईंनी एक छापील तक्ता दिला होता. कितव्या महिन्यात मुलानं काय करावं, याचा. मान धरणं, वळणं, हुंकार देणं, एकच अक्षर पुन्हा पुन्हा म्हणणं, नावाला वळून बघणं, सोप्या सूचनांना प्रतिसाद देणं. ताईंनी तो कपाटाच्या दाराला आतून चिकटवला. चहाचा डबा काढायला दार उघडलं की मुलीचं भवितव्य समोर.

बाईंनी वही सुरू केली. त्यांच्याकडून दुसरं काही होणंही शक्य नव्हतं. संध्याकाळी घरी आल्या की हातपाय धुऊन, मुलीला मांडीवर घेऊन त्या वही उघडत. ताई समोर शेंगा सोलत बसत आणि दिवसभराचा वृत्तान्त सांगत.

“आज काय?”

“आज बोलली.”

“काय बोलली?”

“बा, बा, बा.”

“किती वेळा?”

“चारपाच.”

“चार की पाच?”

ताईंनी एक शेंग सोलून होईपर्यंत विचार केला. “पाच लिही.”

बाईंनी पाच लिहिलं. तारीख, वेळ, खाली रेघ.

मुलगी संध्याकाळी काही बोलायची नाही. रविवारीही नाही. ती हसायची, हात नाचवायची, दिव्याकडे टक लावून बघायची. पण तोंडातून अक्षर नाही. बाईंनी एकदा हे काढलं.

“दिवसभर बडबडून दमते बिचारी,” ताई म्हणाल्या.

“आणि रविवारी?”

“तुझ्यापुढे लाजते.”

“आठ महिन्यांचं मूल लाजतं?”

“आपल्या घराण्यात लाजतात. तू तीन वर्षांची होईस्तोवर तोंड उघडलं नव्हतंस. आता बघ, अख्ख्या कोर्टाचं बोलणं तुझ्या हातात.”

बाईंचा नवरा चष्म्याच्या दुकानात काचा घासायचा. तो म्हणाला, “ताई म्हणतात ते बरोबर असेल.” या माणसाचं घरातलं बहुतेक बोलणं या एका वाक्यात येतं.

नवव्या महिन्यात बाई मुलीला घेऊन दवाखान्यात गेल्या. जन्माच्या वेळी करायची कानांची तपासणी इस्पितळातलं यंत्र बंद असल्यामुळे राहून गेली होती, म्हणून डॉक्टरीणबाईंनी कागदावर ‘कान’ असं लिहून पुढे प्रश्नचिन्ह काढलं. मग विचारलं, “आवाज करते का? बाबाबा, दादादा असं काही?” बाईंनी वही पुढे केली. डॉक्टरीणबाईंनी चार पानं उलटली. तारखा, वेळा, आकडे, समास सोडलेला. “इतकं व्यवस्थित टिपण ठेवणारी आई मी पहिल्यांदा बघते,” त्या म्हणाल्या आणि त्यांनी प्रश्नचिन्हावर काट मारली. वहीतलं एक तरी अक्षर बाईंनी स्वतः ऐकलं आहे का, हे त्यांनी विचारलं नाही, आणि ऐकलेलं नाही हे बाईंनाही सांगण्यासारखं वाटलं नाही. ज्या दालनात त्यांनी उमेदीची वर्षं काढली, तिथे ऐकीव गोष्ट पुरावा म्हणून चालत नाही हे रोज कुणी ना कुणी कुणाला तरी ऐकवत असे. बाईंनी ते वाक्य शेकडो वेळा उतरवलं होतं. उतरवलेलं डोक्यात शिरू द्यायचं नाही, ही तर त्या कामाची पहिली अट.

मुलगी तेरा महिन्यांची असताना न्यायालयात एका अपघाताचा खटला उभा राहिला. साक्षीदार एक भाजीवाला होता. साधा माणूस; पण पिंजऱ्यात उभं राहून तो म्हणाला, “सदर वाहन भरधाव वेगाने विरुद्ध दिशेने मार्गक्रमण करीत होते.” दालनात खसखस पिकली. वकिलानं विचारलं, “काका, तुम्ही बायकोला काय सांगितलंत? वाहन मार्गक्रमण करत होतं?” भाजीवाला गोंधळला. न्यायाधीशांनी सांगितलं, साक्षीदार पढवलेला दिसतो अशी नोंद घ्या.

बाईंनी नोंद घेतली आणि त्यांचा हात थांबला. सोळा वर्षांत पहिल्यांदा. न्यायाधीशांना वाटलं शाई संपली.

परवा संध्याकाळी ताई म्हणाल्या होत्या, “आज तिनं सोप्या सूचनांना प्रतिसाद दिला.” ताईंनी जन्मात कशाला ‘प्रतिसाद’ दिला नव्हता. त्यांच्या तोंडी माणसं ओ देत, नाहीतर देत नसत. आणि बाईंनी ते वाक्य जसंच्या तसं लिहून घेतलं होतं.

त्या दिवशी त्या तासभर आधी घरी आल्या. मुलगी चटईवर पाठमोरी बसून एका रिकाम्या डब्याला न्याहाळत होती. बाईंनी ओट्यावरची परात उचलली आणि मुलीच्या मागे फरशीवर सोडली. शेजारच्या घरातून कुणीतरी “काय पडलं?” म्हणून विचारलं. मुलगी डब्याला न्याहाळत राहिली.

ताई आतून धावत आल्या. परात बघितली, बहिणीचा चेहरा बघितला, आणि उगाच पदर नीट केला.

“बस,” बाई म्हणाल्या.

“अगं, चहा तरी—”

“बस. ही कधी बोलली?”

“रोज तर सांगते तुला.”

“मी तू सांगितलेलं विचारत नाही. हिनं कधी आवाज केला?”

ताई बसल्या. बराच वेळ त्या चटईची एक सुटलेली काडी आत सरकवत राहिल्या. “आधी करायची. घशातल्या घशात. अं, गू, असलं. मग कमी झालं.”

“कधी?”

“तू कामावर जायला लागलीस त्याच्यानंतर महिन्याभरात.”

“आणि बा, बा, बा?”

“म्हणेल म्हणूनच सांगत होते मी. आज ना उद्या म्हणेल असं वाटायचं. तुला आधी सांगितलं तर काय बिघडलं, असं वाटायचं.”

“पाच वेळा?”

“तूच आकडा मागायचीस.”

हे खरं होतं, आणि म्हणून बाईंना ते जास्त लागलं.

“मला का नाही सांगितलंस?”

“सांगितलं असतं तर तू नोकरी सोडून घरी बसली असतीस.”

“मग बसले असते.”

“मग मी कुठं बसले असते?” ताई म्हणाल्या.

नवरा आला तेव्हा दोघी त्याच जागी होत्या. बाईंनी त्याला चप्पल काढू दिली.

“तुला माहीत होतं?”

“माहीत असं नाही. वाटायचं.”

“कधीपासून?”

“दाराची घंटा वाजली तरी बघायची नाही ती. मी ताईंना म्हटलं. त्या म्हणाल्या, दोन महिने थांबा.”

“दोन महिने कधी झाले?”

“तसे तीनदा झाले,” नवरा म्हणाला. मग पुस्ती जोडली, “घरात तू खूश होतीस गं. वहीत लिहायचीस तेव्हा.”

ज्यांच्या भरवशावर बाई बिनघोर होत्या, त्या दोघांनी मिळून त्यांना खूश ठेवलं होतं. एकीनं बोलून, दुसऱ्यानं न बोलून.

तपासणी झाली. दोन्ही कानांना फारच कमी ऐकू येत होतं. यंत्रं लावली तर पुष्कळसं येईल, बोलेलही, असं कानांच्या डॉक्टरांनी सांगितलं. न ऐकणारी मुलंही सुरुवातीला आवाज करतात, म्हणून घरच्यांना पटकन कळत नाही, हेही सांगितलं. मग कागदपत्रं चाळत म्हणाले, “सहा-सात महिने आधी आणलं असतंत तर बरं झालं असतं. घरात कुणाच्या लक्षात आलं नाही?”

“लक्षात आलं होतं,” बाई म्हणाल्या. “दोघांच्या.”

मुलीला यंत्रं बसली. रोज सकाळी दहा ते अकरा तिला बोलायला शिकवणाऱ्या बाईंकडे न्यायचं होतं, आणि घरच्या एका माणसानं शेजारी बसून सगळं शिकून घ्यायचं होतं. दहा वाजता न्यायालय सुरू होतं. बाईंच्या रजा तपासण्यांत संपल्या होत्या. नोकरी सोडली तर यंत्रांचं काय, याचं उत्तर चष्म्याच्या दुकानात नव्हतं. उरल्या ताई. अशा रीतीनं, जी जागा जाईल म्हणून ताईंनी एवढं केलं, ती आता पक्की झाली. दोघींपैकी कुणालाही त्याचा आनंद झाला नाही.

ताई सुधारल्या, असं म्हणायला हवं. संध्याकाळी बाई आल्या की त्या न विचारता सांगत, “आज काही नाही.” दुसऱ्या दिवशी, “आज काही नाही.” असं चौदा आठवडे चाललं. बाई मान हलवत आणि मुलीला घेऊन दुसऱ्या खोलीत जात. ‘काही नाही’ हेही खरं आहे की आता पुन्हा खोटं पडायला नको म्हणून सांगतात, याचा त्या विचार करत. रविवारी त्या स्वतः दिवसभर मुलीसमोर बसत, ओठांकडे बघत. वकिलांनीही इतकी उलटतपासणी कधी केली नसेल.

पंधराव्या आठवड्यातल्या गुरुवारी ताई दारातच उभ्या होत्या. केस विस्कटलेले, डोळे लाल.

“बोलली,” त्या म्हणाल्या. “बा, बा म्हणाली. माझ्याकडे बघून. दोनदा.”

बाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. पिशवी ठेवली, हातपाय धुतले, पाणी प्यायल्या. “बरं,” म्हणाल्या. मुलीला उचलून त्यांनी खिडकीपाशी नेलं, तिच्यापुढे बा, बा करून पाहिलं. मुलगी आईच्या तोंडाकडे कुतूहलानं बघत राहिली आणि मग तिनं आईचं नाक धरलं. ताई दाराच्या चौकटीला टेकून होत्या. “शप्पथ,” त्या हळू आवाजात म्हणाल्या. बाईंनी मागे वळून पाहिलं नाही.

शनिवारी न्यायालय अर्धा दिवस होतं. बाई परस्पर शिकवणाऱ्या बाईंकडे गेल्या आणि म्हणाल्या, काही प्रगती असली तर मला सांगत जा.

शिकवणाऱ्या बाई हसल्या. “अहो, गुरुवारी इथेच बोलली की. पहिल्यांदा. आम्ही दोघी रडलो इथं. तुम्हाला घरी सांगितलं नाही का कुणी?”

“सांगितलं होतं,” बाई म्हणाल्या.