अर्ध्या शिडीवर

साइटवर सगळे त्याला घार म्हणायचे. उंच क्रेनच्या काचेच्या केबिनमध्ये बसून तो दिवसभर लोखंडाचे भारे उचलायचा. केबिनमध्ये धूर काढायला बंदी होती, म्हणून वर चढण्याआधी दोन सिगारेटी आणि उतरल्यावर लागोपाठ तीन, असा त्याचा नेम.

त्या मंगळवारी सकाळी अर्ध्या शिडीवर त्याचा श्वास अडकला. दम लागणं नवं नव्हतं; वर्षभर तो ‘वय झालं’ म्हणून उडवून लावत होता. पण हे निराळंच होतं. आत घेतलेली हवा बाहेरच निघेना. दंडातलं त्राण गेलं. त्याने कोपर पायरीत अडकवलं आणि गार लोखंडाला कपाळ टेकवलं.

कमरेच्या वॉकीटॉकीवर मेहुण्याचा आवाज आला. खालून क्रेनला इशारे देण्याचं काम त्याचंच.

“दाजी, का थांबलात?”

बोलायला श्वासच नव्हता.

“पट्ट्याचा हूक शिडीला लावलाय ना?”

लावला नव्हता. रोजचीच शिडी, कोण लावत बसतंय, असं त्याचं चालायचं. आता त्याने मोकळ्या हाताने पट्टा चाचपला. दोनदा हूक निसटला, तिसऱ्या खेपेला अडकला.

“लावला,” तो कसाबसा म्हणाला.

“जागचे हलू नका. वर येतो मी.”

खाली उतरायला पाऊण तास गेला. मेहुणा खालच्या पायरीवरून त्याचा एकेक पाय धरून टेकवत होता. जमिनीला पाय लागले आणि घारचा हात आपसूक खिशाकडे गेला.

“दाजी, ती पेटवलीत तर ताईला आत्ता फोन लावतो,” मेहुणा म्हणाला.

दवाखान्यात घारला एका नळीत जीव खाऊन फुंकायला लावलं. डॉक्टरांनी कागदावर उमटलेली श्वासाची रेघ न्याहाळली.

“फुप्फुसं निम्म्यावर आलीत. गेलेलं परत येणार नाही. सिगारेट सोडलीत तर उरलेलं बरंच टिकेल. तीन महिने शिडी बंद.”

घरी बायको ओरडली नाही, त्याचंच त्याला भय वाटलं. “झोपलात की तुमची छाती शिट्टी वाजवते,” ती म्हणाली. “दोन वर्षं ऐकतेय. बोलले की तुम्ही उठून बाहेर जाता ओढायला.”

सिगारेट सोडवणाऱ्या सिस्टर दवाखान्याच्या मागच्या खोलीत बसत. घारने आधीच सांगून टाकलं, “चारदा सोडलीय. माझ्याच्याने होत नाही.”

“म्हणजे सराव आहे,” सिस्टर म्हणाल्या. “तेव्हा एकट्याने सोडलीत. आता औषध आहे, मी आहे.” त्यांनी दंडावर निकोटीनची पट्टी लावली, चघळायच्या गोळ्या दिल्या आणि आपला नंबर लिहून दिला. “तल्लफ पाच-दहा मिनिटांची असते. तेवढा वेळ मला फोन करा. शिव्या घातल्यात तरी चालेल.”

साइटवर त्याला हेल्मेटं वाटायला बसवलं. सिगारेट सोडल्याच्या एकोणिसाव्या दिवशी क्रेनवरच्या नव्या चालकाचा भारा वाऱ्याने हेलकावू लागला. खाली माणसं होती. घार नुसता बघत राहिला. भारा सुखरूप टेकला, तोवर त्याने कुणाकडून तरी सिगारेट मागून पेटवलीही होती.

दोन झुरक्यांनंतर त्याने फोन लावला. “संपलं, सिस्टर. ओढली.”

“उरलेली कुठाय?”

“हातात.”

“विझवा. दोन झुरके झालेत, संपलं काही नाही. उद्या या, काय झालं ते नीट बघू.”

त्याने ती बुटाखाली चिरडली आणि दुसऱ्या दिवशी गेला. पुढेही दर आठवड्याला जात राहिला.

तीन महिन्यांनी पुन्हा नळीत फुंकलं, तर रेघ जिथल्या तिथे होती. खाली घसरली नव्हती, म्हणून डॉक्टर खूश होते. क्रेनवर चढायचा दाखला मात्र त्यांनी दिला नाही. आठ दिवस घार कुणाशी धड बोलला नाही, पण सिगारेटही ओढली नाही.

आता तो जमिनीवरून नव्या चालकांना शिकवतो. घरचा जिना चढताना दुसऱ्या मजल्यावर थांबावं लागतं. मग तो कठड्याला धरून उभा राहतो, आणि बायको पिशवी खाली ठेवून त्याच्यासोबत थांबते.