परत येण्याचा इरादा

उद्या मेथी ठेवू का, असं विचारलं की ती ओढणी सावरून एक बोट आभाळाकडे करायची. "ठेवा ताई. वाहेगुरूने आणलं तर येते." आणि सकाळी आठला हजर. वीस वर्षांत असं म्हटल्यावर वाहेगुरूने तिला आणलं नाही, असा दिवस मला आठवत नाही.

सगळे तिला बीजी म्हणायचे. पंजाबीत आईला म्हणतात. आमच्या इथल्या द्वारका चौकाजवळ तिच्या नवऱ्याचं ट्रक दुरुस्तीचं गॅरेज होतं. तो गेल्यावर ती घरातूनच ड्रायव्हर लोकांना पराठे करून देऊ लागली. भाजी माझ्या ठेल्यावरून न्यायची. भाव करायची नाही, पण एकेक मुळा उलटासुलटा करून बघायची. असं गिऱ्हाईक तुम्हीही पाहिलं असेल. त्याचा वैताग येतो आणि तेच एक दिवस आलं नाही तर आपण रस्त्याकडे बघत बसतो.

एकुलती मुलगी परदेशात दिलेली. तिच्या पहिल्या बाळंतपणाला जायचं म्हणून बीजी दिल्लीला वकिलातीत गेली. साहेबाने दुभाष्याकडून विचारलं, परत येणार का? बीजीने बोट वर केलं. वाहेगुरूने आणलं तर येईन. साहेबाने व्हिसा न देता पासपोर्ट तिच्या हातात परत दिला. मुलगी तिकडे एकटीच बाळंत झाली आणि मूल दोन दिवसांत गेलं. हे बीजीने मला फ्लॉवर निवडता निवडता सांगितलं. मी म्हटलं, "वाईट झालं." याहून जास्त मला बोलता येत नाही.

दोन वर्षांनी मुलीला पुन्हा दिवस गेले. तिने टपालाने एक पुस्तक धाडलं. इंग्रजी क्रियापदं, त्यांचा पंजाबीत अर्थ, खाली वापरायची वाक्यं. एका पानाचा कोपरा मुडपलेला. त्यावर 'इंटेंड'. म्हणजे इरादा असणे. सोबत चिठ्ठी: या वेळी दुभाष्या नको, एवढं एक वाक्य इंग्रजीत म्हण आणि गप्प बस.

अर्थ बीजीला पहिल्याच दिवशी कळला. पण ते वाक्य तिच्या तोंडून निघेना. ठेल्यावर येऊन तिने मला ते पान वाचून दाखवलं आणि अर्थही सांगितला.

"बघा. हा माणूस घर घेणार, लग्न करणार, पुढच्या साली दुकान काढणार. सगळा इरादाच इरादा. याला मरण नाही का?"

"बीजी, पुस्तकातला माणूस हाय तो."

"मग पुस्तकातच राहू दे त्याला."

ड्रायव्हर हसतील म्हणून ती घरी सराव करत नव्हती. मग साहेब मी झाले. माझी शाळा चौथीपर्यंतची, पण ऐकून ऐकून प्रश्न मला पाठ झाला. बटाट्याच्या गोणीवर बसून मी विचारायची, "डू यू इंटेंड टू रिटर्न?"

"यस सर. आय इंटेंड टू रिटर्न." एवढं म्हणून तिचे ओठ पुढे हलायचेच. "वाहे..."

मी तिच्या मनगटावर मुळा मारायची. "साहेब नाय म्हणाला. परत."

एक गिऱ्हाईक म्हणालं, "मावशी, परदेशात चालल्या काय?"

"मी कुठं जाते? तू कोथिंबीर घे अन् चालता हो."

शेवटी मी वैतागले. "म्हणून टाका ना. जिभेला काय लागतं?"

"ताई, शिळी भाजी तुम्ही ताजी म्हणून विकता?"

"विकते."

ती हसली. मग म्हणाली, "पण वाहेगुरूचं सोडून मी स्वतःचं नाव घालून बोलले, तर यावं लागेल."

"मग या."

ती दिल्लीला गेली, वाक्य म्हणाली, पुढे ओठ हलवले नाहीत. व्हिसा मिळाला. नातू सुखरूप झाला.

सहा महिन्यांनी, ठरल्या आठवड्यात, ती ठेल्यासमोर उभी. मुलीने राहा म्हणून हातापाया पडून सांगितलं होतं. व्हिसाची मुदत तिकडेच वाढवून मिळत होती. पोरगं नुकतं बसायला लागलं होतं. मी म्हटलं, "साहेब काय तिथं वाट बघत बसला व्हता?"

"साहेबाचं काही नाही, ताई. बोलले ना मी." आणि मुळा उचलून बघू लागली.

तिचे गुडघे गेले. पुन्हा जाणं झालं नाही. तीन वर्षांनी एका सकाळी ती वारली. शेजारणीला परातीत भिजवलेली कणीक दिसली.

मुलगी चौथ्या दिवशी पोहोचली. परत जायच्या आदल्या दिवशी माझ्याकडे आली. "मासी, माँ का नाही थांबली? मी किती रडले तिच्यापुढे."

जे होतं ते मी सांगितलं. तुझी आई तसं बोलायला तयार नव्हती. तिच्याकडून ते मी घोकून घेतलं.

ती म्हणाली, "तिथे सगळेच तसं बोलतात, मासी. कुणी पाळत नाही."

"ठाऊक व्हतं मला," मी म्हटलं. "तिला नव्हतं."

ती बटाट्याच्या गोणीवर बसली. गिऱ्हाईक आलं तशी मी तिला जरा सरकायला सांगितलं.